कीबोर्डला भाता: हात न लावता आवाज चढवणारा सेन्सर जोडण्याचा माझा अनुभव

पेटी वाजवताना उजवा हात सूर धरतो आणि डावा हात भात्यावर असतो. समेकडे जाताना आवाज चढतो, ओळ संपताना विरतो, हे सगळं डाव्या हाताचं काम. गोव्यात जत्रेच्या नाटकाला आणि भजनाला कीबोर्ड सर्रास आला, आणि तिथे हा डावा हात नुसता रिकामा राहतो. पायाने आवाज चढवायचं एक्स्प्रेशन पेडल हा एक मार्ग आहे, पण देवळाच्या सभामंडपात मांडी घालून बसल्यावर पाय कुठून आणायचा? म्हणून मी हाताचं अंतर मोजणारा सेन्सर जोडला.

कल्पना जुनी आहे. थेरेमिन हे हात न लावता वाजवायचं वाद्य १९२० सालचं. रोलँड या वाद्यकंपनीने १९९८ मध्ये एमसी-५०५ या यंत्रावर डी-बीम, म्हणजे अवरक्त किरणांनी हात ओळखणारा सेन्सर, दिला आणि पुढे आपल्या बऱ्याच कीबोर्डांवर आणला. तुमच्या कीबोर्डवर डी-बीम असेल तर बाहेरचं काही जोडायला नको, पण खाली उजेडाबद्दल जे लिहिलं आहे ते तुम्हालाही लागू आहे.

सेन्सरची डबी कीबोर्डशी मिडीने, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना आज्ञा पाठवायच्या पद्धतीने, बोलते. म्हणून काही विकत घेण्याआधी कीबोर्डच्या पुस्तिकेतला शेवटचा मिडी तक्ता उघडा. 'कंट्रोल चेंज' या आज्ञांतली ११, म्हणजे एक्स्प्रेशन (वाजवताना आवाजाचा चढउतार), 'रेकग्नाइज्ड' रकान्यात मान्य आहे का ते पाहा. तिथे फुली असेल तर ७ म्हणजे व्हॉल्यूम वापरावा लागतो. मागे पाच पिनांचं मिडी इन नसेल, फक्त संगणकाला जोडायचं यूएसबी असेल, तर मध्ये लॅपटॉप लागेल. आणखी एक अडचण अशी, की काही कीबोर्डांत बाहेरून चॅनेल १ वर आलेली आज्ञा स्वतःच्या पट्ट्यांच्या आवाजाला लागतच नाही. हे तक्त्यात लिहिलेलं नसतं. दुसऱ्या कीबोर्डवरून किंवा लॅपटॉपवरून ११ पाठवून आधी कानाने खात्री करा.

सामान थोडं आहे: ५ व्होल्टचा प्रो मायक्रो आर्डुइनो (प्रोग्राम घालता येणारं छोटं बोर्ड), ५ व्होल्टवर चालणारं व्हीएल५३एल०एक्स सेन्सरचं मॉड्यूल, २२० ओहमचे दोन रेझिस्टर, पाच पिनांचं मिडी सॉकेट, एक बटण आणि एक बंद-चालू स्विच. आवाजाच्या लहरींवर चालणारा एचसी-एसआर०४ स्वस्त मिळतो, पण मी तो घेतला नाही. तळवा जरा तिरका झाला की प्रतिध्वनी दुसरीकडे जातो, आणि त्याच्या दोन मोजण्यांत ६० मिलिसेकंद ठेवायला सांगतात, त्यामुळे चढउतार पायऱ्यापायऱ्यांनी ऐकू येतो. व्हीएल५३एल०एक्स डोळ्यांना न दिसणारा लेसर सोडून प्रकाश परतायला लागलेला वेळ मोजतो. नव्या सेन्सरवर पातळ संरक्षक पापुद्रा असतो. तो काढायला विसरलात तर आकडे भलतेच येतात.

जोडणीत सेन्सरची एसडीए (माहितीची तार) प्रो मायक्रोच्या पिन २ ला, एससीएल (घड्याळाची तार) पिन ३ ला. ही तार २० सेंटीमीटरपेक्षा लांब नेऊ नका. दोन्ही एकाच डबीत बसवा आणि लांबी मिडी केबलला द्या, ती १५ मीटरपर्यंत चालते. सॉकेटची पिन ४ एका रेझिस्टरमधून ५ व्होल्टला, पिन ५ दुसऱ्यातून प्रो मायक्रोच्या टीएक्सला (आज्ञा बाहेर पाठवणारी पिन), पिन २ ग्राउंडला. पिनांचे क्रमांक ओळीने नसतात: १, ४, २, ५, ३ असे असतात. मधली २, तिच्या दोन बाजूंना ४ आणि ५, टोकाच्या दोन रिकाम्या. डाग देताना सॉकेट मागून दिसतं, म्हणून ४ आणि ५ ची अदलाबदल हमखास होते. तसं झालं तर कीबोर्डपर्यंत काहीच पोचत नाही. दोन तारा उलटवून पाहा.

आज्ञा तीन आकड्यांची: १७६ (चॅनेल १ वरचा कंट्रोल चेंज), ११ आणि ० ते १२७ मधली किंमत. वेग सेकंदाला ३१२५० बिट. एक आज्ञा जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो, त्यामुळे उशीर झालाच तर तो सेन्सरच्या बाजूने असतो.

खरं काम पुढेच आहे, आणि माझा बहुतेक वेळ तिथेच गेला. हात नसताना सेन्सर वाचणारी नेहमीची लायब्ररी (तयार प्रोग्राम) ८१९० किंवा ८१९१ असा आकडा देते. तो सरळ मोजमापात घातला की सेन्सरला हात फार दूर आहे असं वाटतं, आणि तुमच्या मांडणीप्रमाणे आवाज एकदम टोकाला नाहीतर एकदम बंद. म्हणून ४०० मिलिमीटरच्या वरचं सगळं 'हात नाही' असं धरा. एखादं वाचन मध्येच चुकतंही, म्हणून सलग चार वाचनं हाताशिवाय आली तरच हात गेला असं माना. ३३ मिलिसेकंदांच्या वाचनाला हे साधारण १३० मिलिसेकंद होतात आणि कानाला खटकत नाहीत.

मी १० सेंटीमीटरवर १२७ आणि ३५ सेंटीमीटरवर ३५ ठेवलं. हात खाली आला की आवाज वर, भाता दाबल्यासारखा. शून्यापर्यंत जाऊ देऊ नका. भजनात अचानक शांतता आली तर टाळकरीही थबकतात. हात काढला की किंमत हळूहळू ९० वर येते. वाचन थेट पाठवू नका. दर ३ मिलिसेकंदांनी एक पाऊल, म्हणजे किमतीत १ चा फरक, या हिशोबाने ताज्या वाचनाकडे सरका, म्हणजे खरखर जाते. ठसक्याची गत वाजवायची असेल तर दोन पावलं. किंमत बदलली तरच आज्ञा पाठवा.

जागा निवडताना लक्षात ठेवा, सेन्सर सुमारे २५ अंशांच्या शंकूत बघतो. ४० सेंटीमीटर उंचीवर ते १८ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ होतं. त्यात वहीचा स्टँड, माइकचा दांडा, तबलजीचा खांदा काहीही येऊ शकतं. डबी कीबोर्डच्या डाव्या टोकाला, जरा बाहेरच्या बाजूला झुकवून. डबीवर काच नको, लावायचीच तर सेन्सरला खेटून, नाहीतर तो काचेलाच हात समजतो. सदऱ्याची सैल बाही तळव्यापेक्षा खाली लोंबत असेल तर सेन्सर बाहीचंच अंतर मोजतो. बाही दुमडा.

उजेडाचं दुखणं खरं. उन्हात आणि हॅलोजनच्या दिव्यात अवरक्त किरण भरपूर असतात, त्यामुळे पल्ला आखडतो. दुपारच्या तालमीत उघड्या मंडपात सेट केलेली डबी रात्री वेगळी वागते. डी-बीमवरही हेच, आणि तिथे सेन्सिटिव्हिटीची पातळी त्यासाठीच दिलेली असते. एलईडी दिव्यांचा त्रास नाही. सेन्सरभोवती मॅट काळ्या कागदाची १५ मिलिमीटर उंच नळी लावा, तोंड किमान २० मिलिमीटर रुंद. अरुंद नळीची कड शंकूत आली की आकडा कायम लहान येतो. प्रयोगाच्या दिव्यांतच, पडदा उघडण्याआधी दोन्ही टोकं तपासा.

स्ट्रिंग, ऑर्गन, पेटी अशा टिकणाऱ्या आवाजांनाच याची गोडी. पियानोचा सूर आपणच विरत जातो, तिथे डावा हात फुकट. मींडेसाठी पिच बेंडला, म्हणजे सूर वर-खाली सरकवणाऱ्या आज्ञेला, सेन्सर जोडायचा मोह होतो, पण हवेत हाताला कसलाच आधार नसतो. पंचमावरून धैवतावर सुरात पोचायला थेरेमिनवाल्याइतका रियाज लागेल.

बटणावर १२१ ही आज्ञा ठेवा, ती एक्स्प्रेशन मूळ जागी नेते (७ म्हणजे व्हॉल्यूमला मात्र ती हात लावत नाही). आवाज कुठे अडकला तर एका दाबात सुटतो. पण डबीचीच वीज गेली तर शेवटची किंमत कीबोर्डमध्ये तशीच राहते, तेव्हा कीबोर्ड बंद करून चालू करणं एवढंच उरतं. स्विच मात्र विसरू नका. वास्कोच्या सप्ताहासारख्या चोवीस तासांच्या भजनात साथीदार बदलत राहतात, आणि नव्या माणसाला सेन्सर माहीत नसतो. उठण्याआधी बटण दाबा, मग स्विच बंद करा. उलट क्रमाने केलंत तर त्याला अर्ध्या आवाजाचा कीबोर्ड मिळेल.

पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने खोचलेल्या पिना हिरव्या पडतात. सगळे जोड डाग देऊन करा आणि डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा.