पहाटे ३ वाजून ४१ मिनिटांची नोंद

२६ जानेवारी २०२२. झेंडावंदन आठला होतं, पण मी सहालाच रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये येऊन बसलो होतो. आदल्या रात्री क्वालिस या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी लिनक्समधल्या पीकेएक्झेकचा दोष जाहीर केला होता. पीकेएक्झेक म्हणजे परवानगी तपासून दुसऱ्याच्या, बहुधा रूटच्या अधिकाराने कमांड चालवून देणारा छोटा प्रोग्राम; रूट म्हणजे मशीनवर काहीही करता येणारं मालकाचं खातं. 'पॉनकिट' म्हणतात तो हाच. मे २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून तो तसाच पडून होता.

पीकेएक्झेक कुणीही चालवला तरी रूटच्या अधिकाराने चालतो, कारण त्याच्यावर सेटयूआयडी बिट, म्हणजे 'मालकाच्या अधिकाराने चालव' अशी खूण असते. कुठलाही प्रोग्राम सुरू करताना आर्ग्युमेंटची यादी देतात आणि तिच्यात पहिलं नाव त्या प्रोग्रामचंच असतं. कुणी मुद्दाम रिकामी यादी दिली तर? पीकेएक्झेक मोजणी एकापासूनच धरतो, यादीच्या पलीकडे जातो आणि तिथे ठेवलेलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेली एक सेटिंग, वाचतो. एवढ्यावर थांबत नाही, तिथे लिहितोही. तेवढ्या फटीतून साधा युजर रूट होतो.

बाहेरून थेट घुसता येत नाही, आत एक खातं लागतं, हे वाचून बरेच जण निर्धास्त झाले. मला ते शक्य नव्हतं. करोनामुळे कॉलेज बंद होतं आणि मुलं लांजा-राजापूरहून आमच्याच सर्व्हरवर प्रॅक्टिकल करत होती. प्रत्येकाकडे खातं होतं.

उबंटू या लिनक्सच्या १८.०४ आवृत्तीची मशीनं दुरुस्तीचं अपडेट टाकून झटपट उरकली. रीस्टार्टचीही गरज नाही, पीकेएक्झेक दर वेळी नव्याने सुरू होतो. घोडं अडलं फीच्या जुन्या मशीनवर. तिथे १६.०४, नेहमीचा सपोर्ट एप्रिल २०२१ मध्येच संपलेला. सॉफ्टवेअर देणारी मंडळी वर्षभर सांगत होती, "हात लावू नका, बंद पडेल." पैसे वेळेवर घ्यायचे आणि अपग्रेडचं नाव काढलं की फोन उचलायचा नाही, ही त्यांची रीत. शेवटी पीकेएक्झेकचा सेटयूआयडी बिटच काढला. परवानग्यांच्या ओळीत 'आरडब्ल्यूएस' होतं, त्यातल्या एसच्या जागी एक्स आला. एका अक्षराचा फरक, पण तो दिसल्यावर खांदे सैल झाले.

मग मुलांच्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडला. पहाटे ३:४१, पीकेएक्झेक, 'शेल व्हेरिएबलची किंमत शेल्सच्या फाइलीत सापडत नाही' (शेल म्हणजे कमांड टाकायचा प्रोग्राम, ती फाइल मान्य शेल्सची यादी). हा हल्ला करून पाहिला की बहुतेकदा मागे राहते ती अशीच ओळ. शेजारी तिसऱ्या वर्षातल्या एका मुलाचं लॉगिन.

झेंडावंदन झाल्यावर त्याला फोन केला. बागेतल्या मांगरात होता, रेंज तिथेच येते. आढेवेढे न घेता म्हणाला, "सर, रात्री कोड मिळाला. चालतो का बघितलं. 'हू ॲम आय', मी कोण विचारणारी कमांड, टाकलं, रूट आलं, घाबरून बाहेर पडलो."

"आणखी काय केलंस?"

"काही नाय, सर. आईशप्पथ."

मला ते खरं वाटलं, अजूनही वाटतं. पण जो रूट झाला तो लॉग पुसू शकतो, मागच्या दाराने परत येण्याची सोय करून ठेवू शकतो. त्या मशीनने स्वतःबद्दल दिलेली साक्ष आता धरता येत नव्हती. मी मुलांचं काम बाजूला काढलं, डिस्क पुसली आणि आदल्या आठवड्याच्या बॅकअपवरून रात्री अकरापर्यंत सगळं नव्याने उभं केलं. सगळ्यांचे पासवर्ड बदलले.

वरून विचारणा झाली, मुलगा कोण? अहवालात मी सगळं लिहिलं, नाव लिहिलं नाही. नाव मागणाऱ्यांपैकी एकानेही फीचं मशीन इतकं जुनं का, हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर नवीन दिसल्यावर त्याचा फोन आला. "सर, मी काय केलं नाय म्हटलं होतं ना? मग पुसलात कशाला?"

मी त्याला लॉगचं, रूटचं सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं, "बरं सर" म्हणाला. पुढे सबंध सेमिस्टरभर त्याने मला एकही शंका विचारली नाही. त्याआधी रोज विचारायचा.