द्राक्षबागेतला खड्डा

नाशिकला जायचं म्हणजे पंचवटी, नाहीतर मिसळ. या खेपेला मात्र मी भाचीचा हमाल होतो. ती भूभौतिकी शिकते आणि दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेत तिला भूकंपमापक बसवायचा होता.

खड्डा तयार होता. काळी माती, खाली मुरूम, तळाशी कातळ. कातळावर यंत्र ठेवून, स्क्रू फिरवत तिने त्याचा बुडबुडा मध्यावर आणला. मग यंत्राचं तोंड उत्तरेकडे करायचं होतं, आणि वेळ खाल्ला तो या उत्तर दिशेने. होकायंत्र दर पावलाला मत बदलायचं, कारण इथला बेसाल्टच चुंबकीय! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्याने तेव्हाची दिशा धरली, ती अजून सोडलेली नाही. शेवटी जीपीएस बघून दोन खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली.

"इथं भूकंप व्हायचाय का?" बागवाल्या अण्णांनी धसक्याने विचारलं.

"इथला नकोच, अण्णा. सुमात्रा, जपानकडचा पाहिजे."

लांबच्या भूकंपाच्या लहरी प्रावरणातून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातून, वर येतात आणि तापलेल्या खडकात मंदावतात. मला सकाळचा कसारा घाट आठवला. मागून ढकलणारं बँकर इंजिन लागूनही गाडी रेंगाळलीच. सगळ्या स्टेशनांवरच्या वेळा हाती असतील, तर खिडकी न उघडताही घाट कुठे आहे ते सांगता येईल. फक्त लहरींचा उशीर जेमतेम सेकंदा-दीड सेकंदाचा, आणि एकाच भूकंपमापकावरून काहीच कळत नाही. निरनिराळ्या दिशांच्या लहरी एकमेकींना छेदायला हव्यात.

केनियात १९९० साली स्फोट घडवून मोजलं, तेव्हा खचदरीखालच्या (जमीन ताणली जाऊन खचलेल्या पट्ट्याखालच्या) प्रावरणात प्राथमिक, म्हणजे सर्वांत आधी पोहोचणाऱ्या, लहरींचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास भरला. दोन्ही बाजूंना तो आठच्या वर होता. आपल्या शेजारी गुजरातेत खंबायतची खचदरी आहे. तिच्या परिसरात वरच्या प्रावरणातला असाच मंद पट्टा केनेट आणि विदियांतोरो या भूकंपशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवला. आमचा खड्डा खचदरीबाहेरचा, तुलनेसाठी.

"मग बोअरला पाणी कुठं लागंल ते सांगंल का हे?"

"नाही हो, हे शंभर-दोनशे किलोमीटर खालचं बघतं."

"आम्हाला तीनशे फुटाचंच पडलंय," म्हणत अण्णा चहा सांगायला गेले.

पहाटे शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला आणि लॅपटॉपवरच्या सरळ रेषेला काटे फुटले. भाचीचा चेहरा पडला. अण्णांनी फवारणीची वही काढली. औषध, प्रमाण, तारीख, वेळ, सगळं सुवाच्य अक्षरात.

"शेजाऱ्याचीपण टिपतो. पानाचा फोटो पाठवत जाईन, तेवढा वेळ तुम्ही गाळा."