व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या रक्तात बुरशी: माझा अनुभव

बीड, परभणीकडून आमच्या आयसीयूत कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण नेहमी येतात. विष उतरलं तरी काहींचा व्हेंटिलेटर लवकर सुटत नाही. मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), लघवीची नळी, वर तगडी अँटिबायोटिक्स. त्यांनी आतड्यातले जिवाणू मरतात, कॅन्डिडा ही बुरशी माजते आणि आतड्यातून किंवा लाइनच्या वाटेने रक्तात शिरते. अँटिबायोटिक चालू असूनही ताप हटेना, बीपी पुन्हा पडायला लागलं, की मला बुरशीची शंका येते.

ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायची तपासणी, दोन जागांवरून, ताज्या टोचणीने, दर बाटलीत 8 ते 10 मिली. रक्त कमी घातलं की निदान हुकतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, उन्हात तापलेल्या गाडीतही नाही. बुरशी दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि बऱ्याच रुग्णांत आजार असूनही कल्चर निगेटिव्हच येतं. म्हणून रुग्ण खालावत असेल तर मी रिपोर्टसाठी थांबत नाही.

नातेवाईक कफाचा रिपोर्ट दाखवतात, "मॅडम, यात कॅन्डिडा आलंय, औषध का नाही?" कफातली कॅन्डिडा बहुतेकदा नुसती वस्तीला असते. तिच्यावर औषध देऊ नये.

मोठ्या माणसाला कॅस्पोफंगिन हे बुरशीवरचं औषध शिरेतून पहिल्या दिवशी 70 मिग्रॅ, मग रोज 50, हळूहळू तासभर. ते नॉर्मल सलाइनमध्येच द्यायचं, डेक्स्ट्रोजमध्ये टिकत नाही. अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधाचं नेमकं उलट: पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, सलाइन लागलं की साका बसतो. रात्रपाळीच्या सिस्टर हे बाटलीवरच्या चिकटपट्टीवर लिहून ठेवतात.

जुनी लाइन काढणं औषधाइतकंच महत्त्वाचं. प्लास्टिकवर बुरशीचा थर चढतो, त्यात औषध नीट शिरत नाही. त्याच वायरवरून नवी लाइन घालू नये, जागाच बदलावी.

मग दिवसाआड कल्चर. ज्या दिवशीचं पहिल्यांदा निगेटिव्ह आलं, तिथून 14 दिवस मोजायचे, औषध सुरू केल्यापासून नव्हे. पहिल्या आठवड्यात डोळ्याचा पडदाही तपासून घ्यायचा, कारण कॅस्पोफंगिन डोळ्यात पुरेसं पोहोचत नाही. पडद्यावर डाग दिसला तर औषध बदलावं लागतं.

रिपोर्टात कॅन्डिडा ऑरिस ही कॅन्डिडाची चिवट जात असेल तर रुग्ण वेगळ्या खोलीत. पलंगाच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर ती आठवडेच्या आठवडे टिकते. जंतुनाशक म्हणून 5 टक्के हायपोक्लोराइट (क्लोरीनचं ब्लीच) 20 मिली घेऊन पाण्याने एक लिटर करायचं, म्हणजे 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग). पुसल्यावर 10 मिनिटं ओलं राहू द्यायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या स्टोअररूममध्ये कॅनमधला क्लोरीन लवकर कमी होतो, म्हणून कॅन सावलीत, थंड जागी ठेवायचा आणि द्रावण रोज ताजं करायचं.