शेमसच्या १२८ खोल्या

गेल्या महिन्यात माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत ताईची शाळेची वही सापडली. आत चार घड्या घातलेला ग्राफ पेपर होता. तो उलगडला आणि हातातलं फडकं बाजूला ठेवून मी तिथेच धुळीत बसले. शेमस या आमच्या जुन्या कॉम्प्युटर खेळाचा नकाशा!

१९८३ ते ८५ अशी दोन वर्षं बाबांच्या नोकरीमुळे आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला होतो. मी दहा वर्षांची, ताई चौदाची. बाबांनी ओळखीतल्या एकांकडून अटारी ८०० हा वापरलेला घरगुती कॉम्प्युटर घेतला. तो टीव्हीला जोडायचा. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी सरकवली की टीव्हीतून ‘टुप टुप टुप’ असा आवाज सुरू व्हायचा. एकेक तुकडा वाचला जातोय, हे कानांनी कळायचं. मग हिचकॉकच्या टीव्ही मालिकेची ठुमकत येणारी धून वाजायची. ती पूर्ण होईपर्यंत ताई बटणाला हात लावू द्यायची नाही.

अमेरिकन बोलीत शेमस म्हणजे खासगी गुप्तहेर. खेळातला शेमस शॅडो नावाच्या खलनायकाच्या अड्ड्यात शिरतो. चक्रव्यूहातल्या प्रत्येक खोलीत यंत्रमानव, गरगरणारे ड्रोन आणि टुणटुण उड्या मारणारे प्राणी अंगावर येतात. शेमसकडे फेकायला आयन शिव्ह नावाची हत्यारं असतात. भिंतींमधून वीज खेळवलेली, त्यामुळे नुसता खांदा घासला तरी जीव गेला. अरुंद बोळातून जाताना आम्ही दोघी श्वास रोखून धरायचो.

सिनॅप्स सॉफ्टवेअर या कंपनीने हा खेळ १९८२ साली काढला. लिहिला कॅथरिन मटागा यांनी. तेव्हा त्यांचं नाव विल्यम मटागा असं छापलेलं असे. प्रेरणा होती १९८० च्या बर्झर्क या आर्केड खेळाची, म्हणजे नाणं टाकून उभ्या यंत्रावर खेळायच्या खेळाची. स्टर्न कंपनीसाठी ॲलन मॅकनील यांनी केलेला हा खेळ फार गाजला होता. त्यातले यंत्रमानव चक्क बोलायचे, आणि खोलीत जास्त वेळ रेंगाळलं की ऑटो नावाचा हसरा गोळा टणाटण उड्या मारत, भिंती ओलांडत यायचा. त्याला मारायचा उपायच नाही. शेमसमधला शॅडो त्याचाच भाऊबंद. तोही भिंतींना जुमानत नाही. पण नेम लागला तर क्षणभर थबकतो, तेवढ्यात दार गाठायचं. आम्ही त्याला ‘सावल्या’ म्हणायचो. ‘सावल्या आला!’ असं मी ओरडले की स्वयंपाकघरातून आई दचकून विचारायची, ‘कोण आलं गं?’

पण बर्झर्कमधल्या खोलीतून बाहेर पडलं की मागे वळायचं कारणच नाही. पुढची खोली, मग तिच्या पुढची, असं जीव जाईपर्यंत. शेमसमध्ये प्रत्येक खोलीची जागा महत्त्वाची. चार मजले: काळा, निळा, हिरवा, लाल, सगळ्या मिळून १२८ खोल्या. एका खोलीत किल्ली, तर तिचं कुलूप भलतीकडेच. म्हणजे मागे फिरावं लागतं, आणि फिरायचं तर वाट ठाऊक हवी. फार तर ४८ केबी मेमरी असलेल्या यंत्रात मटागांनी एक अख्खी वास्तू उभी केली होती. माझ्या लेखी या खेळाचं मोठेपण त्यातच आहे. गोळ्या झाडायचे खेळ तेव्हा ढिगाने होते. पण डोळे मिटून ज्याच्या वाटा आठवाव्यात असा मला तरी दुसरा भेटला नाही. फ्रीमाँटच्या त्या घरातली कपाटं मला आता आठवत नाहीत, काळ्या मजल्यावरचं पहिलं वळण मात्र आठवतं.

ताईचा नकाशा याच वास्तूचा. एक चौकोन म्हणजे एक खोली. किल्ली असेल तिथे ‘कि’, कुलूप असेल तिथे ‘कु’. शेजारच्या मुलांना वाचता येऊ नये म्हणून सगळं मराठीत. तिचा नियम कडक होता: खोली पहिल्यांदा दिसली की पेन्सिलने, दुसऱ्यांदा जाऊन खात्री झाली की शाईने. काळा आणि निळा मजला पुरता शाईचा आहे. हिरव्या मजल्यावर निम्म्या खोल्या पेन्सिलच्या, काहींत नुसतं प्रश्नचिन्ह. लाल मजल्याचा कागद कोरा. तिथवर पोचायच्या आत आम्ही पुण्याला परतलो. अटारी तिथेच देऊन आलो.

भाच्याने लॅपटॉपवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या अटारीची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घालून दिला. शेजारी नकाशा पसरला आणि खेळायला बसले. काळ्या मजल्यावर ताईने जिथे ‘कि’ लिहिलंय तिथे किल्ली होती, ‘कु’ तिथे कुलूप. चाळीस वर्षांनी! मी रडले, खरंच. लगेच नाशिकला ताईला फोन लावला. ती आता साठीला टेकली आहे. तिला नकाशाचा फोटो पाठवला, आणि तेव्हापासून रोज रात्री नऊला आमचं हेच. फोन स्पीकरवर ठेवायचा. मी खेळते, ती वाट सांगते. ‘उजवीकडे नको, खाली उतर. आता थांबू नकोस, सावल्या येईल.’ तोच आवाज, तीच घाई.

काल हिरव्या मजल्यावरच्या एका प्रश्नचिन्हात शिरले. किल्ली नव्हती, गरगरणारे ड्रोन होते आणि खाली उतरणारी एक वाट. तिला सांगितलं आणि पेन उचललं, तर पलीकडून आवाज आला, ‘पेन्सिल घे. दुसऱ्यांदा जाऊन आल्याशिवाय शाई नाही.’