मालवणी ताटाशेजारी नाशिकची रेड वाइन

रोजच्या जेवणासोबत घ्यायची रेड वाइन खिशाला परवडणारी असावी, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु कोकणात तिची चव किमतीपेक्षा तापमानावर अधिक ठरते, असे माझे ठाम मत आहे. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा संकेत थंड हवेच्या युरोपात रूढ झाला आणि तेथील जुन्या घरांत ते तापमान 16 ते 18 अंशांच्या आसपास असे. वेंगुर्ल्यातील आमच्या स्वयंपाकघरात उन्हाळ्यात रात्री आठ वाजतासुद्धा पारा तिशीच्या जवळ रेंगाळतो आणि तेवढ्या उष्म्यात मद्यार्काचा उग्र दर्प आधी नाकात शिरून द्राक्षाचा गंध पार झाकून टाकतो.

म्हणून नाशिकची, शिराझ आणि काबेर्ने या द्राक्षजातींच्या मिश्रणाची ही बाटली, जी दुकानातल्या स्वस्त फळीवरची आणि फिरवून उघडायच्या झाकणाची होती, मी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवली आणि मगच ओतली. पहिल्या घोटात पिकल्या जांभळाचा गोडसर गंध आला, त्यामागून शिराझची ओळखीची काळी मिरी आली आणि शेवटी अर्धवट पिकलेले काजूबोंड चावल्यावर बसते तशी तुरट पकड जिभेवर बसली. चव लवकर विरते, हे खरे. पण या दरात आणखी काय मागावे?

ताटात काळ्या वाटाण्याची आमटी आणि घावणे होते. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाची स्निग्धता वाइनचा तुरटपणा बोथट करते आणि वाटपातला खरपूसपणा तिच्या मिरीशी छान जुळतो. फक्त तिखट बेताचे हवे, कारण मद्यार्काने मिरचीचा जाळ वाढतो. बांगड्याच्या तिखल्यासोबत मात्र सारेच बिनसले. वहिनींनी एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि "माका नको ह्यां" म्हणून पेला सरकवला. त्यांचे चुकले नाही, कारण वाइनमधील लोहाची माशाच्या तेलाशी प्रक्रिया होऊन हिवस वास उठतो आणि बांगडा तर तेलाचा मासा. सोलकढीही त्याच जेवणात नको; कोकमाच्या आंबटपणापुढे वाइन पाणचट लागते. (दोहोंतून एकच निवडायचे झाले, तर मी सोलकढी निवडेन.)

खरेदी करताना बाटलीवरचे वर्ष जरूर पाहावे. महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि या किमतीची वाइन मुरवण्यासाठी नव्हे, तर एक-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेली असते. त्यातून किनाऱ्यावरच्या दुकानात ती दोन उन्हाळे उभी राहिली असेल, तर चव उतरलेलीच समजावी. दर्शनी काचेतली, ऊन खाल्लेली बाटली दुकानदाराने कितीही सवलत दिली तरी घेऊ नये.

750 मिलीलीटरच्या बाटलीत साधारण पाच पेले होतात, तेव्हा दोघांच्या घरात ती एका रात्री संपवण्याची घाई नको. झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवल्यास तीन दिवस ती चांगली राहते आणि त्यानंतर उरलेली मी सरळ मटणाच्या रश्श्यात ओततो.