औट्रम घाट, मोठे टायर आणि ब्रेक: उतरण्याआधी हे वाचा

मोठे टायर बसवलेली फोर बाय फोर घेऊन छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडचा औट्रम घाट उतरणार असाल, तर गॅरेजवाल्याच्या "ब्रेक एकदम टकाटक" या शब्दावर विसंबू नका. त्याची चाचणी शहरातल्या जालना रोडवर दोनदा कचकन ब्रेक दाबून संपते. आमच्या सोबतची थार त्या चाचणीत आरामात पास झाली होती. २८५/७० आर १७ चे टायर, गाडी उंच करणारं लिफ्ट किट, पुढे लोखंडी बंपर आणि विंच, टपावर कॅरियर, आणि खास घाटासाठी म्हणून करून घेतलेलं ब्रेकचं काम. निम्मा घाट उतरेपर्यंत ब्रेक पॅडचा जळका वास गाडीत भरला. पेडल दगडासारखं कडक आणि वेग मात्र कमी होईना.

छत्रपती संभाजीनगर, दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळ हा भाग सोपा आहे. दौलताबादच्या किल्ल्याच्या वेशीतून रस्ता अरुंद होतो, तिथे रविवारी अडकाल, एवढंच. म्हैसमाळची चढउतार ब्रेकची परीक्षा घेत नाही. पितळखोऱ्याची लेणी जरूर बघा. खरा प्रश्न कन्नड सोडल्यावर चाळीसगावच्या बाजूला, राष्ट्रीय महामार्ग ५२ वर सुरू होतो.

या घाटात वेग ही अडचण नाही, रांग ही आहे. पुढे एखादी भरलेली गाडी रांगत असते, तिच्या मागे दहा-पंधराच्या वेगाने ब्रेकवर पाय ठेवून उतरावं लागतं. ब्रेकच्या डिस्कला थंड करणारी हवा गाडी पळत असतानाच मिळते. इथे उष्णता तयार होत राहते आणि निघून जात नाही. सामानासकट २२०० किलोची गाडी १०० मीटर खाली आली की सुमारे २१.६ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिनने ती घेतली नाही तर ती ब्रेकमध्ये जाते, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो.

आता टायरचा हिशेब. मूळ २४५/७५ आर १६ चा व्यास ७७४ मिमी, २८५/७० आर १७ चा ८३१ मिमी. म्हणजे पेडल तेवढंच दाबलं तर रस्त्यावर मिळणारा ब्रेक सुमारे ७ टक्क्यांनी कमी. ३१५/७० आर १७ घातले तर हाच आकडा ११ टक्क्यांच्या पुढे जातो. शिवाय टायर जड आणि त्याचं वजन बाहेरच्या कडेला, त्यामुळे फिरतं चाक थांबवायलाच जास्त ताकद लागते. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: इंजिन ब्रेकिंगही त्याच प्रमाणात घटतं. मूळ टायरवर दुसऱ्या गिअरमध्ये जो उतार निभत होता, तिथे आता पहिला लागू शकतो.

सगळ्यात मोठी फसवणूक मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडलच्या जोरातून ब्रेक ऑइलचा दाब तयार करणाऱ्या सिलिंडरची. "मोठा मास्टर टाकला की ब्रेक डबल" असं सांगून पैसे घेतले जातात. हे साफ उलटं आहे. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) तेच ठेवून मास्टरचा बोअर (आतला व्यास) वाढवला तर पायाच्या तेवढ्याच जोराला दाब कमी तयार होतो, कारण क्षेत्रफळ वाढलं. २२.२ मिमीच्या जागी २३.८ मिमी टाकला की दाब सुमारे १३ टक्क्यांनी पडतो. टायरचे ७ टक्के त्यात धरा, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा ब्रेक पैसे देऊन घालवला. पेडल कमी खाली जातं आणि टणक लागतं, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. मोठा मास्टर फक्त मोठ्या पिस्टनच्या कॅलिपरसोबत, जास्त ऑइल ढकलायला लागतं म्हणून बसवतात. नुसता मास्टर बदलायला सांगणाऱ्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा.

दुसरी फसवणूक पॅडची. बिलावर "हेवी ड्युटी", आणि पॅड उतरवून पाहिला तर कडेला ईई छापलेलं. पॅडच्या कडेवरची ती दोन इंग्रजी अक्षरं घर्षणाची असतात: पहिलं थंड असतानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्याही वर. मोठ्या टायरच्या गाडीला एफएफच्या खाली जाऊ नका. बसवण्याआधी पॅड हातात घेऊन अक्षरं वाचा, डब्यावर काय लिहिलंय ते सोडा.

पैसे कुठे घालायचे, तर आधी ब्रेक ऑइलवर. डॉट ३ प्रतीचं ऑइल कोरं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० अंशांना. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि ओलसर झालं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. दोन वर्षं जुन्या ऑइलवर घाट उतरू नका. लिटरभर सीलबंद डॉट ४ घ्या, अर्धी उघडी बाटली फुकट मिळाली तरी नको. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीही मिसळू नका. ऑइल बदलून लाइनमधली हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक ऑइलमध्ये बुडवा, आणि एकाने पेडल धरलेलं असताना दुसऱ्याने निपल बंद करायचं. टाकी मध्येच रिकामी झाली आणि एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली, तर ती काढायला बऱ्याचदा स्कॅनर लागतो.

मग लिफ्टमुळे होणारे घोळ. चेसिसखाली जॅक लावून चाकं पूर्ण लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. ब्रेकचा रबरी होज ताणला जात असेल तर लांब होज घ्या, आणि ज्या जोडाला तांब्याचे वॉशर असतात तिथे ते नवे टाका. ज्या जुन्या गाड्यांना मागच्या ॲक्सलशी जोडलेला एलएसपीव्ही (मागच्या वजनानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) आहे, तिथे लिफ्टनंतर तो व्हॉल्व्ह "मागे वजन नाही" असं समजतो आणि मागचा ब्रेक कापतो. त्याची सळई लिफ्टच्या मापाने जुळवून घ्यावी लागते. हे कुणीही करत नाही, आणि मग सगळा भार पुढच्या डिस्कवर.

मागच्या ड्रमला डिस्क लावायची हौस पुढे ढकला. हँडब्रेकचं काय करणार हे आधी विचारा, उत्तर गोलमोल आलं तर नकोच. त्यापेक्षा ड्रम उघडा. मराठवाड्यातली काळी माती आत जाऊन वाळली की विटेसारखी बसते आणि ॲडजस्टर जाम करते. ती खरवडून काढा, शू जुळवा, ड्रमवर ओतलेलं कमाल व्यासाचं माप तपासा. कॅलिपरच्या स्लाइड पिनांनाही हीच माती धरते. त्यांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन अडकते.

एवढं करूनही कमी पडत असेल तर पुढची डिस्क मोठी करा. व्यास ३० मिमीने वाढला की पॅड १५ मिमी बाहेर सरकतो. मूळ प्रभावी त्रिज्या १२५ मिमी असेल तर १२ टक्के फायदा, म्हणजे टायरचं नुकसान भरून निघालं. डिस्क जड झाल्याने उष्णताही जास्त पेलते. कॅलिपरचा ब्रॅकेट अखंड पोलादातून मशीनवर काढून घ्या, वाळूजला असं काम करून मिळतं. वेल्ड केलेला पत्रा अजिबात चालवू नका. बोल्ट १०.९ ग्रेडचे. रिम आणि कॅलिपरमध्ये निदान ३ मिमी फट हवी, आणि रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनंही त्या मापात धरा.

नवे पॅड पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर डिस्कशी घासून बसवून घ्या: साठच्या वेगावरून दहापर्यंत आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट मोकळं पळवून, पूर्ण न थांबता. शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थंड करा. हे न करता थेट घाटात जाणं म्हणजे निम्मं काम वाया.

घाटात उतार सुरू होण्याआधीच गिअर पाडा, पुढच्या गाडीपासून मोठं अंतर सोडा, मागचे हॉर्न वाजवू देत. ब्रेक ठाम दाबा आणि पूर्ण सोडा, पाय टेकवून ठेवू नका. उतारावर वेग आपोआप धरणारं हिल डिसेंट कंट्रोल लावू नका. ते ब्रेकच वापरतं, फक्त तुमच्या पायाऐवजी. कोरड्या डांबरावर फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) हाही नको, वळणांवर ट्रान्समिशनवर ताण येतो.

पेडल कडक पण ब्रेक लागत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन तळाला जातंय, तर ऑइल उकळलंय: पंप करा, गिअर पाडा, हँडब्रेक हळूहळू ओढा. बाजूला घेतल्यावर डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो. पेडल सोडा, हँडब्रेकही सोडा, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा आणि निदान अर्धा तास थांबा. ऑइल उकळलं असेल तर ते बदलल्याशिवाय पुढे नेऊ नका, टोचन लावून न्या.

पावसाळ्यात हा घाट टाळाच. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस इथे दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. आणि कंपनीच्या मापाबाहेरचे टायर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतात, अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच काढते. बीडकडे जाणाऱ्यांनी मांजरसुंब्याच्या घाटालाही वरचं सगळं लागू धरावं.