वासर-१०: तिरका ब्रेक एकदाचा बसला

रुमानियाच्या कुजीर कारखान्यातली ही रायफल आता जरा एकेएमसारखी, म्हणजे सोव्हिएत कलाश्निकोव्हसारखी, दिसू लागली आहे. बॅरलच्या तोंडावरचं साधं टोपण काढून तिरका ब्रेक, म्हणजे झाडताना नळी उसळू न देणारा तिरक्या कापाचा तुकडा, चढवला.

मॅगझीन काढून, चेंबरमध्ये बोट घालून रिकामं असल्याची खात्री करायची, मगच अवजारं हातात घ्यायची. फोरसाइटच्या (नेम धरायच्या पुढच्या माशीच्या) ठोकळ्यातून एक बारीक पिन डोकावते, तिच्यामागे स्प्रिंग. पिन आत दाबून धरायची आणि समोरून बघत टोपण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचं. आटे १४ बाय १ मिलिमीटरचे, पण उलटे. नेहमीच्या सवयीने जोर लावला तर ते आणखी आवळतं. आट्यांत जुनं ग्रीस काळं होऊन बसलेलं होतं. टूथब्रश आणि रॉकेलने ते निघालं. ब्रेक हाताने शेवटपर्यंत चढवून थोडा मागे घेतला, खाच पिनवर आली आणि 'टक्' झालं. किंचित हलतो, पण या रचनेत तेवढं चालतं. पाना लावून आवळायची गरजच नाही.

खरी परीक्षा त्यानंतरची. नळीतून सरळ सळई घालून समोरून पाहिलं: ब्रेकच्या भोकात चहूकडे सारखी फट दिसली. सळई एका बाजूला चिकटलेली दिसली असती, तर एकही गोळी झाडली नसती.

ब्रेकच्या तिरक्या कापाचं तोंड वर आणि थोडं उजवीकडे. खालचा ओठ पुढे आलेला असतो, वायू त्याच्यावर आदळून नळी खाली-डावीकडे ढकलतात. एकेएमवर हा आला तो मुख्यतः सलग गोळीबारासाठी. एकेक गोळी झाडताना फरक जाणवतो, पण बेताचाच. माझ्या मते निम्मं काम शोभेचं.

एसकेएस या जुन्या सोव्हिएत रायफलवाल्यांनी मात्र जपून. तिच्या नळीला सहसा आटे नसतात, म्हणून स्क्रूने पकडणारे ब्रेक विकले जातात. ते धक्क्यांनी सरकतात आणि मग गोळीच्याच वाटेत येतात. मी तरी लावणार नाही.

जुनी सरप्लस (लष्कराच्या साठ्यातली उरलेली) काडतुसं वापरत असाल तर ब्रेक काढून पाण्याने धुवा, वाळवा, तेल लावा. प्रायमरमधलं (काडतूस पेटवणाऱ्या टोपीतलं) मीठ आट्यांत शिरून गंज धरतं. नुसत्या तेलाने ते जात नाही.

कायद्याचं थोडक्यात: अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात काही प्रकारच्या नव्या रायफलींवर फ्लॅश हायडर (नळीच्या तोंडाची ज्वाळा कमी दिसू देणारा भाग) आणि आटे यांवर बंधनं होती. काही राज्यांत आजही आहेत, तेव्हा आधी आपल्या राज्याचे नियम पाहा. आयात रायफलीच्या सुट्या भागांच्या मोजणीत ब्रेकही धरला जातो.

पुढचा नंबर इच्छापूरच्या २ए१ या भारतीय रायफलीचा. अमेरिकेत यांतल्या काहींच्या नळ्या कापून, शंकूसारखा फ्लॅश हायडर लावून 'जंगल कार्बाइन' म्हणून विकल्या गेल्या. माझ्याकडची तशीच आहे. आधी सळई घालून बघतो.